कोकणातली धूळ, धूर आणि आपली त्वचा: अनुभव लिहा

चिपळूणची_लेक
मुंबईचे पाहुणे आले की हमखास म्हणतात, तुमच्याकडे काय, समुद्राची हवा, झाडंच झाडं. पण मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय आणि त्याच्या कडेला ज्यांची घरं-दुकानं आहेत त्यांना विचारा. आमच्या आईचा कोकम-आमसुलाचा स्टॉल रस्त्याला लागूनच आहे, दिवसभर डंपर, एसट्या, धुरळा, वर ऊन. तिच्या कपाळावर आणि गालांवर वांग, म्हणजे काळपट डाग, होता तो गेल्या काही वर्षांत फारच गडद झाला. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऊन आणि हॉर्मोन हे मुख्य कारण आहेच, पण गाड्यांच्या काजळीचीही त्यात भर पडते. जर्मनीत वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, त्यात जिथे रहदारीची काजळी जास्त तिथे कपाळावर, गालांवर डाग जास्त असं दिसलं. काजळीच्या बारीक कणांना जी रसायनं चिकटलेली असतात ती त्वचेला त्रास देतात म्हणे. आईला साधं नाही, टिंटवालं सनस्क्रीन दिलंय, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, वांगासाठी ते जास्त उपयोगी कारण नुसत्या उजेडानेही वांग वाढतो. आता तुम्ही लिहा, कोणाला काय त्रास झाला आणि कशाने फरक पडला.

राजापूरकर
माझा भाऊ चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, मशीनवर असतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवया, कानामागे, कॉलरच्या आत सगळीकडे लाल माती, आणि घामाने ती अशी बसते की साध्या पाण्याने जात नाही. तो वजरीने घासून काढायचा, मानेवर सालं निघायची, मग घाम लागला की नुसती आग आग. डॉक्टरांनी घासणं पूर्ण बंद करायला लावलं. आता आधी नुसतं भरपूर पाणी घेऊन माती वाहू द्यायची, मग सौम्य साबण हाताने, पंचाने टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. मानेवरचे चट्टे बरेच उतरलेत. खोबरेल तेल हातापायांना ठीक आहे, पण चेहऱ्यावर पुळ्या येत असतील तर लावू नका, आणि तेल लावून खाणीवर तर मुळीच जाऊ नका, धूळ आणखी चिकटते.

कुडाळची_सून
आमच्याकडे गॅस आहे तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. काजूच्या दिवसांत टरफलं पण त्याच चुलीत जायची, त्यांच्यातलं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलवटते हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं, पण धूरही तेवढाच झोंबतो. सासूबाईंचे डोळ्यांखालचे भाग सुजून लाल व्हायचे. शेजारची आजी बघून म्हणाली, "गो बाय, तोंडार काय झाला ह्या?" तेव्हा कुठे त्या डॉक्टरकडे यायला तयार झाल्या. टरफलं जाळणं बंद केलं, न्हाणीघराच्या वर धूर जायला पाइप काढला. औषध चालू आहेच, पण माझ्या मते खरा गुण पाइपाचा.

रत्नागिरी_स्कूटी
ओढणी बांधता ना सगळ्या? ती रोज धुवा. कालचीच धूळ आज परत गालावर घासली जाते. माझ्या हनुवटीवरचे पिंपल्स यानेच कमी झाले.

गुहागरची_आई
मुलाला इसब आहे. भाजावळ, म्हणजे पेरणीआधी शेतं भाजणं, सुरू झाली की आठ दिवसांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत खाजवून रक्त काढतो. शेतं तर भाजणारच, लोकांचा पोटाचा प्रश्न आहे, त्यामुळे कोणाशी भांडून उपयोग नाही. धूर दिसला की वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, शाळेतून आला की लगेच कोमट पाण्याची छोटी आंघोळ आणि मग वास नसलेलं क्रीम भरपूर. अंगणातला पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, मात्र आम्ही जाळत नाही, माडांच्या आळ्यात घालतो. तेवढं तरी सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

अलिबाग_मेडिकल
काउंटरवर रोज बघतो म्हणून कळकळीने लिहितोय. चेहरा काळवंडला की लोक गोरं करणारी ट्यूब मागतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, सुरुवातीला चेहरा उजळतो, पण महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल पडते, केस येतात आणि मग धूळ, ऊन काहीच सोसत नाही. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, मैत्रिणीची उसनी तर अजिबात नको.

चिपळूणची_लेक
@अलिबाग_मेडिकल, आईच्या शेजारच्या स्टॉलवाल्या काकी नेमकी तीच ट्यूब लावतात, आजच तुमचं वाचून दाखवते. @राजापूरकर, भाऊ खाणीवर असताना तोंडाला काय बांधतो? सुती रुमालाने बारीक धूळ थांबत नाही म्हणतात, आणि चिऱ्याची धूळ छातीलाही वाईट. घामात दिवसभर टिकेल असा मास्क कोणी वापरत असेल तर लिहा, आईलाही हवाय.