दुकानात डोंगर उभा करायचा, की माल ठेवायचा?

शिसपेन्सिल
गेल्या वर्षी कामासाठी चीनमधल्या चेंगडूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून जवळच्या दुजियांगयान गावचं 'झोंगशुगे' बघून आले. पुस्तकांचं दुकान, २०२० साली उघडलेलं, आखणी ली श्यांग यांच्या एक्स प्लस लिव्हिंग या डिझाइन कंपनीची. काळ्या गुळगुळीत फरशीवर पुस्तकांची बुटकी टेबलं, जणू तळ्यात सोडलेल्या होड्या. वर आख्खं छत आरशाचं. कपाटं कमानीसारखी वळलेली, त्यामुळे कपाटाच्या पोटातून पलीकडचं कपाट दिसतं आणि त्याच्यापलीकडे अजून एक. गावात इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात ली बिंग यांनी उभारलेले पाटबंधारे आहेत, आजही शेतीला पाणी देतात. त्या बांधांची वळणं कपाटांत उतरवलीत.

माझा मुद्दा असा: हे दुकान म्हणजे पायी हिंडायचं चिनी निसर्गचित्र आहे. 'चिनी निसर्गचित्रावरून इंटिरियर' म्हटलं की बहुतेक ठिकाणी शाईच्या डोंगराचा वॉलपेपर चिकटवतात, कोपऱ्यात बांबूची कुंडी ठेवतात, झालं. इथे भिंतीवर चित्रच नाही. गुओ शी या अकराव्या शतकातल्या चित्रकाराचं म्हणणं होतं की ज्यात हिंडावंसं, राहावंसं वाटतं तेच खरं निसर्गचित्र. अंतरंही तो तीन सांगतो: पायथ्याहून शिखराकडे बघतानाचं, डोंगराआडून मागे डोकावतानाचं, आणि इकडच्या डोंगरावरून लांब सपाट नजर टाकतानाचं. पहिली दोन मला त्या दुकानात पायी चालताना सापडली. म्हणून मला ते आवडलं.

गल्ल्यावरचा
ताई, वर्णन झकास. पण तीस वर्षं साड्या विकतोय म्हणून विचारतो, गिऱ्हाईक हिंडायला येतं की घ्यायला? भाडं चौरस फुटावर भरतो आम्ही. तळं आणि होड्या करायच्या तर निम्मा माल गोदामात जाईल.

कोरा_कागद
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मी शाईकाम करते, म्हणजे चिनी पद्धतीची शाईची चित्रं काढते.

या चित्रांचा जीव न रंगवलेल्या जागेत असतो. चिनीत त्याला 'लिउबाय' म्हणतात, म्हणजे पांढरं राखून ठेवणं. फान क्वान या जुन्या चिनी चित्रकाराचं 'डोंगर-ओढ्यांतले वाटसरू' घ्या, तैपेईच्या राजवाडा संग्रहालयातलं. दोन मीटरहून उंच रेशीम, वरचा जवळजवळ सगळा भाग एकाच कड्याने व्यापलेला. खाली उजवीकडे खेचरांचा तांडा, इतका बारका की शोधावा लागतो. आणि कडा नि तांडा यांच्यामध्ये धुक्याचा एक पट्टा, तिथे कुंचला जवळपास लागलेलाच नाही. तेवढ्या पट्ट्यामुळे कडा आपल्यापासून मैलभर मागे सरकतो. (त्याची सहीसुद्धा झाडांच्या पानांत लपलेली. १९५८ पर्यंत कुणाला दिसली नव्हती!)

आता तुमचं आरशाचं छत. दुकानात डोळ्याला टेकायला एकच कोरी जागा होती, ती छताची. तिथेही आरसा लावून पुस्तकं दुप्पट केली. डोंगर केला हो, पण धुकं पुसून टाकलं. याला शान-श्वे, 'डोंगर-पाणी' (चिनीत निसर्गचित्राला हेच म्हणतात) म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिसपेन्सिल
@कोरा_कागद, थोडं पटलं. पण तुम्ही काळी फरशी विसरताय. तिच्यात प्रतिबिंब पडतं ते अंधुक, कडा विरघळलेलं. माझ्या लेखी तेच तिथलं पाणी. शिवाय सगळी डोंगर-पाण्याची चित्रं कोरी-कोरी कुठे असतात? १११३ सालचं वांग शीमंगचं चित्र जवळजवळ १२ मीटर लांब आहे, निळ्या-हिरव्या खनिज रंगांनी खच्चून भरलेलं. पोरगा अठरा वर्षांचा होता! एका नजरेत मावत नाही, गुंडाळी उलगडत पुढे जावं लागतं. दुकान त्या जातीचं आहे.

@गल्ल्यावरचा काका, पुस्तकाच्या दुकानात हिंडणं हाच धंदा असतो.

मंडईचा_बोका
हिंडतात कुठे? फोन वर करून छताचा फोटो काढतात आणि चालू पडतात.

प्लंबलाइन
अहो, मूळ गोष्ट कुणी बोललंच नाही. त्या दुकानात हात पोचत नाही त्या वरच्या कप्प्यांत पुस्तकं नाहीतच, पुस्तकांची चित्रं छापलेली फिल्म लावली आहे. तिआनजिनच्या बिनहाय वाचनालयातही (२०१७, वास्तुविशारद एमव्हीआरडीव्ही ही डच कंपनी) तेच: वरच्या फळ्यांवर पुस्तकांची चित्रं छापलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे. तिथे वास्तुविशारदांनी निदान सांगून टाकलं की घाईच्या बांधकामात वर जाण्याचे मार्गच गाळले गेले आणि हा बदल आमच्या सल्ल्याविरुद्ध झाला. ताई वॉलपेपरला नावं ठेवतात, मग ती छापील फिल्म म्हणजे काय? उंचावर लावलेला वॉलपेपरच की.

आणि एक साधा प्रश्न. एवढा आरसा पुसतो कोण? मी एका दुकानाला आरशाचं छत करून दिलं होतं, अर्ध्या दुकानाएवढंसुद्धा नव्हतं. दिवाळीच्या आत मालकाने त्यावर पांढरा रंग मारून घेतला.

कोरा_कागद
म्हणजे शेवटी पांढरं राखलंच की 😄

शिसपेन्सिल
@प्लंबलाइन, फिल्मचं माझ्याकडे उत्तर नाही. खाली उभं राहून कळत नाही, पण एकदा माहीत झालं की वर बघवत नाही हेही खरं. ती फळी रिकामी ठेवली असती तर? कदाचित कोरा_कागद म्हणतात तो धुक्याचा पट्टा तिथेच मिळाला असता. हे मला तिथे असताना सुचायला हवं होतं.

कमानींबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. पुढचं थोडं झाकल्याशिवाय माणूस पाऊल पुढे टाकत नाही, हे कुठल्याही दुकानाला लागू आहे.

गल्ल्यावरचा
नाही पटत. झाकलेला माल विकला जात नाही.

पण त्या कोऱ्या जागेवरून आठवलं म्हणून सांगतो. आमच्याकडे अजून गादी आहे, पांढरी चादर घातलेली, बारा फूट. मुलगा म्हणतो काढा, तिथे दोन रॅक बसतील. मी काढू देत नाही. सकाळी मोकळी असते. गिऱ्हाईक बसलं की एकच नारायणपेठ उलगडायची, बाजूला काही नाही. तिच्या काठाकडे बघतात. दहा एकदम टाकल्या की दहाही नको होतात. दुपारपर्यंत ढीग होतोच, मग पोऱ्या घड्या घालत बसतो.

शिसपेन्सिल
काका, गादीचा फोटो टाका ना. सकाळचा, मोकळी असतानाचा.