टी आणि बी पेशी नसतानाही

आतड्यातला विषाणू हटवायला बी पेशींनी बनवलेली प्रतिपिंडं आणि टी पेशी हव्यातच, असं बऱ्याचदा म्हटलं जातं (टी आणि बी पेशी म्हणजे विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी). प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नोरोव्हायरस या आतड्यातल्या विषाणूबाबत ते पूर्ण खरं नाही. त्याचा सीआर६ हा प्रकार धडधाकट उंदराच्या आतड्यातही महिनोन्महिने ठाण मांडून बसतो. उलट २०१५ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की टी-बी पेशी मुळातच नसलेल्या उंदरांनाही इंटरफेरॉन लॅम्डा (विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणारं शरीरातलंच प्रथिन) टोचलं की संसर्ग जातो! लॅम्डाचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू, मुख्यतः आतड्याच्या अस्तरपेशींवर असतात, त्यामुळे बचाव तिथल्या तिथे होतो.

मला त्याच वर्षीचा दुसरा निष्कर्ष जास्त विलक्षण वाटतो. आधी अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर हा विषाणू तिथे टिकतच नाही. लॅम्डाचा ग्राही काढलेल्या उंदरांत मात्र अँटिबायोटिकचा हा परिणाम दिसत नाही. म्हणजे जिवाणूंची विषाणूला होणारी मदत लॅम्डाच्या वाटेनेच होते.

हा विषाणू दडतो कुठे, हे २०१८ मध्ये कळलं: अस्तरातल्या मोजक्या टफ्ट पेशींत, म्हणजे तिथल्या एका विरळ प्रकारच्या पेशींत. त्याच्याविरुद्धच्या सीडी८ टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) आतड्यात हजर असतात, कामही करू शकतात, पण या लपलेल्या साठ्याचा त्यांना पत्ताच लागत नाही.