पवन-सौर ऊर्जा कंपन्यांचा ताळेबंद कसा वाचावा? सल्ला हवा

अजिंक्यतारा_पायथा: नमस्कार मंडळी. निवृत्तीच्या पैशांतले थोडे पवन-सौर कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवायचे आहेत. ठोसेघरहून वर चाळकेवाडीला गेलं की पवनचक्क्या बघून आपुलकी वाटते, पण अहवाल उघडला की गोंधळ उडतो. एबिटा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) मार्जिन विक्रीच्या ८५ टक्के आणि निव्वळ नफा चिमूटभर! नेमकं काय तपासू?

कृष्णाकाठ, सांगली: काका, बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. आधी कंपनी यंत्रं विकते की वीज, ते बघा. सुझलॉन पवनचक्क्या बनवते, एनटीपीसी ग्रीन वीज विकते. दोघींना एक माप लावू नका.

वीज विकणारीला कोळसा घ्यावा लागत नाही, म्हणून एबिटा भरघोस दिसतो. पैसा जातो व्याजात आणि घसाऱ्यात (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी वजा होणारी रक्कम), कारण प्रकल्पाचा साधारण ७० ते ७५ टक्के खर्च कर्जातून होतो. त्यामुळे मी पहिल्यांदा डीएससीआर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ताकदीचं गुणोत्तर काढतो: वर्षात हाती आलेली रोकड भागिले त्या वर्षीचं व्याज अधिक मुद्दल. १.२ च्या खाली असेल तर मी पुढे वाचतच नाही. २०१२ मध्ये सुझलॉनला परकीय चलनातले रोखे मुदतीत फेडता आले नव्हते, ते विसरू नका.

मेगावॅटच्या आकड्यांना भुलू नका. १ मेगावॅट वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर ८७.६ लाख युनिट होतात. सीयूएफ, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या मानाने प्रत्यक्षात तयार होणारी वीज, २५ टक्के धरला तर जेमतेम २२ लाख. ३ रुपये दराने ६६ लाखांची विक्री. हे गणित प्रत्येक कंपनीसाठी करून बघाच.

माणदेशी: एक भर घालतो. आपल्याकडे वारं पावसाळ्यात. जुलै-सप्टेंबरचा नफा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा, एप्रिल-जूनशी नको. आणि येणी, म्हणजे विकलेल्या विजेचे अजून न मिळालेले पैसे, बघा. वितरण कंपन्या पैसे थकवतात. २०२२ च्या विलंब अधिभार (उशिरा पैसे दिल्यास जादा आकार) नियमांनंतर फरक पडलाय, तरी बघाच.

अजिंक्यतारा_पायथा: मनापासून आभार. काल रात्री एक अहवाल घेऊन बसलो. विक्री १२ टक्के वाढलीय, पण येणी ९५ दिवसांच्या विक्रीइतकी होती, ती १४० दिवसांवर गेलीत. वाईट ना हे?

कृष्णाकाठ, सांगली: हो, वाईटच. हिशेबाच्या टिपांमध्ये येणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता असतो. सहा महिन्यांवरची रक्कम किती, ती इथे टाका. तोवर शेअर घेऊ नका.