उजळणी वर्ग, उद्बोधन वर्ग आणि ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात प्राध्यापकांच्या ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) या सगळ्यांसाठी एकच मराठी शीर्षक हवं आहे. ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ (कंटिन्युअस प्रोफेशनल डेव्हलपमेंट) चालेल का? वाचताना फार जड वाटतं.

– जड आहेच, शिवाय फसवंही. मराठीत ‘व्यावसायिक’ म्हटलं की आधी धंदा आठवतो, मग ‘व्यावसायिक नाटक’, मग ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’. ‘सातत्यपूर्ण’ऐवजी ‘निरंतर’ घ्यावं, तर विद्यापीठांत ‘प्रौढ व निरंतर शिक्षण विभाग’ आधीपासून आहेत, म्हणजे तो शब्दही अडकलेला. शासकीय कागदांत ओरिएंटेशनला ‘उद्बोधन वर्ग’ आणि रिफ्रेशरला ‘उजळणी वर्ग’ रुळलेत. तेच वापरा.

– ‘उद्बोधन’ मान्य, पण ‘उजळणी’ मला खटकते. उजळणी पाढ्यांची होते, म्हणजे येतं तेच पुन्हा म्हणायचं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, ती प्राध्यापकाला विषयातलं नवं कळावं म्हणून. (२०१५ मध्ये त्यांचं नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झालं, आता ‘मालवीय मिशन’.) हिंदीत रिफ्रेशरला ‘पुनश्चर्या’ म्हणतात. त्यातही ‘पुन्हा’ आहेच.

– पण ‘उजळणे’ हे क्रियापदही पाहा ना. काळवंडलेलं भांडं घासून लख्ख करणं म्हणजे उजळणं. त्या अर्थाने शब्द सुरेख आहे. बोलताना मात्र स्टाफरूममध्ये ‘रिफ्रेशर झाला का?’ असंच विचारतात, आणि पुढचा प्रश्न कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) फाइलचा असतो. २०१८च्या यूजीसी नियमांनी पदोन्नतीला हे वर्ग जोडलेले असल्यामुळे शब्दाला ‘अट’ असा अर्थ चिकटलाय. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

– साध्या ‘प्रशिक्षण’ शब्दाला प्राध्यापक बिचकतात, ते बिचकणं सोडायला हवं. शाळेतल्या शिक्षकाला डी.एड. किंवा बी.एड. लागतं. प्राध्यापक नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन किंवा पीएचडी करून येतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात, पण वर्गावर उभं राहून शिकवायचा सराव नेट-सेटसाठी लागत नाही. यूजीसीने २०१९ मध्ये नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ हा महिनाभराचा कार्यक्रम आखला. तिथे जे होतं ते प्रशिक्षणच, आणि तेच म्हणावं.

– आणि ‘व्यासंग’? आपल्याकडे चांगल्या प्राध्यापकाला ‘व्यासंगी’ म्हणतात. रोजचं वाचन, टिपणं, जुन्या नोट्स टाकून नव्या काढणं हे सगळं त्यात येतं. पण व्यासंग ज्याचा त्याने करायचा असतो, संस्थेने भरवायचा नसतो, म्हणून एफडीपीला तो शब्द लावू नये. अहवालात शीर्षक ‘प्राध्यापक प्रशिक्षण’ द्या, खाली ‘उद्बोधन’ आणि ‘उजळणी’ असे दोन रकाने करा. लेख, पुस्तकं, संशोधन मात्र ‘व्यासंग’ या वेगळ्या मथळ्याखाली घ्या.