वॉचनाइटला मला एक वचन आलं, आईला दुसरं. ओमानला जाऊ की नको?

नेवाशाची सिस्टर

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

मी स्टाफ नर्स आहे, वय 32. जी.एन.एम. झाल्यापासून 9 वर्षं एकाच मिशन हॉस्पिटलात आहे. गेल्या वर्षी तिकडच्या नर्सिंगच्या परवान्यासाठीची प्रोमेट्रिक परीक्षा पास झाले, डेटाफ्लोची, म्हणजे प्रमाणपत्रांच्या पडताळणीची, कागदपत्रं झाली आणि आता मस्कतहून पत्र आलंय. दोन वर्षांचा करार, पगार इथल्या चौपट. पप्पांच्या आजारपणात सोसायटीचं कर्ज झालं. पप्पा गेले, कर्ज राहिलं. ते यातून फिटेल.

पण आईला शुगर आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम चार महिने झाले भरत नाही. ड्युटीला निघण्याआधी मी रोज ड्रेसिंग करते. आई भिंतीकडे तोंड करून तेविसावं स्तोत्र म्हणते. पात्र भरून वाहतं तिथपर्यंत ती आली की माझी शेवटची चिकटपट्टी लागलेली असते.

31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटच्या उपासनेनंतर ताटातून वचनाच्या चिठ्ठ्या उचलल्या. मला आलं उत्पत्ती 12:1, अब्राहामाला देश सोडून जायला सांगितलं ते. आईला आलं रूथ 1:16, तुम्ही जाल तिथे मी येईन. सगळे म्हणाले, बघ, देव तुझ्याशी बोलला. आई काहीच बोलली नाही. चिठ्ठी शास्त्रात ठेवली आणि शास्त्र उशाला.

मंडळीतले एक काका म्हणतात, प्रार्थना करून चिठ्ठ्या टाक, यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाला तसंच निवडलं होतं. भाऊ चाकणला कंपनीत आहे. वहिनी म्हणते, आम्ही बघू. उत्तर द्यायला वीस दिवस आहेत. देवाची इच्छा ओळखायची कशी? मला खरंच बोलावणं आहे, की कर्जाला घाबरून मी पळतेय, तेच मला कळत नाही.

मिरजकर मावशी

बाळा, सलाम. मी 36 वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त आहे. रात्री दोन्ही अध्याय परत वाचले, म्हणून उत्तराला उशीर.

अब्राहाम निघाला खरा. पण प्रेषितांची कृत्ये 7:4 काढ. स्तेफन म्हणतो, बाप वारल्यावर देवाने त्याला तिथून या देशात आणलं. आणि रूथ कुठे थांबली होती? तिने स्वतःच्या आईचं घर आणि मवाब देश, दोन्ही सोडलं, एका म्हाताऱ्या सासूला सांभाळायला. म्हणजे तुझ्या वचनात बापाचं मरण येतं आणि आईच्या वचनात देश सोडणं. ज्याला जे हवं ते त्याने काढावं. वचन खरंच आहे गं, पण ताटातली चिठ्ठी म्हणजे तुझ्या नावचं पत्र नाही.

त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मत्थियाचं पुढे वाच. आधी अट ठरली, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो सोबत होता तोच. मग दोघं उभे केले, मग प्रार्थना, आणि शेवटी चिठ्ठ्या. तेही पवित्र आत्मा उतरण्याआधी. त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकल्याचं शास्त्रात कुठे नाही. पंधराव्या अध्यायात ते बसून बोलतात, वाद घालतात आणि मग लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे बरं वाटलं. "आम्हाला" हा शब्द गाळू नकोस. मीही तरुणपणी परदेशी जायचं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हवी ती येईपर्यंत तीनदा उचलल्या. गेले, आणि जाणं चांगलंच ठरलं. पण तो निर्णय माझा होता, देवाच्या नावावर घालायला नको होता.

मार्क 7 मधलं कुर्बानही वाच. देवाला वाहिलं म्हणून आईबापांचं देणं चुकवणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते बघ. याचा अर्थ जाऊ नकोस असा मुळीच नाही. कर्ज फेडणं हाही आईचा मान राखणंच आहे. पण तुझ्या एवढ्या लिहिण्यात आईचं मत कुठेच नाही. तुमच्या नगरचेच झालेल्या कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचं बोलावणं खरं होतं, पुढे त्यांची पत्नी लक्ष्मीबाईही त्याच वाटेने आल्या. पण मधली वर्षं त्या बाईने कशी काढली, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त वाचताना मला आजही रडू येतं. म्हणून सांगते, आईला विचार.

आणि चार महिने जखम भरत नाही म्हणजे हाडापर्यंत गेलीय का ते आधी बघ. एक्स-रे काढ, सर्जनला दाखव. तू नर्स आहेस, तुला हे ठाऊक आहे. घरच्या माणसाचं असलं की आपण टाळतो. निर्णय त्यानंतर.

वसईकर

मी कॅथलिक, आमच्याकडची एक रीत सांगतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाला तोफगोळ्याने जखमी होऊन अंथरुणात होते. शूर सरदारांची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं व्हायचं. ख्रिस्ताचं चरित्र वाचल्यावरचा आनंद मात्र मागे टिकायचा. त्या मागे उरणाऱ्या चवीवरून ते देवाची वाट ओळखायला शिकले.

तुम्ही चार दिवस "मी जातेय" असं धरून वागा, ड्युटी, ड्रेसिंग सगळं. रात्री दोन ओळी लिहा. पुढचे चार दिवस "मी राहतेय" असं धरा. मग वही वाचा. अजून एक, मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी उत्तर पाठवू नका.

नेवाशाची सिस्टर

मावशी, एक्स-रे काढला. हाड चांगलं आहे. सर्जननी मेलेली कातडी काढली आणि त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून सांगितलं.

वही लिहिली. जाण्याच्या चार दिवसांत भीती होती, पण रात्री झोप लागली. राहण्याच्या चार दिवसांत दुसऱ्या दिवसापासूनच मी आईवर चिडायला लागले. हे लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं तू ठरवूनच बसलीस, म्हणून मी गप्प राहिले. जा. पण सुनेचा हात बसू दे आधी." मस्कतला मेल करून महिनाभर उशिरा रुजू होऊ का विचारलंय. हो म्हणाले तर जाईन.

रविवारी वहिनीने पहिल्यांदा ड्रेसिंग केलं. गॉज भिजवला नाही, तसाच ओढला. आईचं स्तोत्र मृत्युच्छायेच्या खोऱ्यातच थांबलं. मी सलाईनची बाटली पुढे केली, गॉज आधी भिजू दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने मला लांब बसायला सांगितलं. स्तोत्र संपलं, पट्टी अजून बाकी होती, म्हणून आईने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.