मोनॅकोची शर्यत आणि चार दिवसांची क्रूझ: मेळ कसा घालावा?

प्रश्न: बार्सिलोनाहून निघून मोनॅको ग्रां प्री या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या रविवारी व्हिलफ्राँश या मोनॅकोजवळच्या फ्रेंच बंदराला थांबणारी एक छोटी क्रूझ आम्ही पाहिली आहे. जहाजावरून उतरून शर्यत पाहणे आणि संध्याकाळी परतणे शक्य आहे का?

उत्तर १: शक्य आहे, पण बेभरवशाचे आहे. व्हिलफ्राँशला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खाडीत नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर आणले जाते, त्यामुळे समुद्र खवळला तर थांबाच रद्द होतो आणि हातातले तिकीट वाया जाते. तिथून मोनॅकोची रेल्वे जवळ आहे, मात्र शर्यतीच्या दिवशी फलाटावर पाय ठेवायलाही जागा नसते. ३.३३७ किलोमीटरच्या ७८ फेऱ्या संपल्यावर सगळे प्रेक्षक एकदमच स्टेशनाकडे वळतात, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही!

उत्तर २: मी तर शनिवारची पात्रता फेरीच पाहीन, म्हणजे शर्यतीत कोणती गाडी कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी फेरी. तिथले रस्ते इतके अरुंद आहेत की शर्यतीत पुढच्या गाडीला मागे टाकणे फार अवघड जाते, म्हणून निम्मा निकाल शनिवारीच लागतो. बंदरासमोरच्या ‘के’ या प्रेक्षक-स्टँडवरून तबाक वळणाला कठड्याला घासून जाणारी चाके अगदी जवळून दिसतात. कानात बोळे मात्र हवेतच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता क्रूझ आधी आटोपून शर्यतीसाठी जवळच्या नीस शहरात दोन रात्री मुक्काम करण्याचा विचार आहे.