वर्क फ्रॉम होममुळे पर्यावरण वाचतं म्हणे, पण वीज बिल माझंच वाढलंय!

मुलुंडची_माऊ
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसने आठवड्यातून तीन दिवस घरून काम सुरू केलंय आणि परवा टाउनहॉलमध्ये (सगळ्या स्टाफच्या मीटिंगमध्ये) एक मोठी स्लाइड दाखवली की यामुळे कंपनीचं कार्बन उत्सर्जन कसं कमी झालं, कुठल्याशा अमेरिकन अभ्यासाचा 54 टक्क्यांचा आकडा पण होता त्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आले तर महावितरणचं बिल आलेलं, 300 युनिटच्या वर, म्हणजे सगळंच वरच्या स्लॅबच्या दराने लागणार. एसी दिवसभर चालू, वायफाय, दोन लॅपटॉप (नवरा पण घरीच). आणि मी ऑफिसला जायचे ती लोकलने, गाडी नाहीच आमच्याकडे. मग नेमकं वाचलं काय आणि कोणाचं? कोणी यावरचं संशोधन नीट वाचलंय का? व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.

आकडेमोड_काका
माऊताई, आधी स्लॅबचं सांगतो. 300 ओलांडले म्हणून सगळ्या युनिटना वाढीव दर लागत नाही, 300 च्या वरच्या युनिटनाच लागतो. बिलाच्या मागच्या बाजूला फोड असते ती बघा.

आता 54 टक्के. तो कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी मिळून केलेला 2023 चा अभ्यास. आकडा खोटा नाहीये, पण तो पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांचा आहे, आणि तोही अमेरिकेतला. त्याच पेपरात पुढे म्हटलंय की आठवड्यातून दोन ते चार दिवस घरून केलं तर बचत 11 ते 29 टक्के, आणि एकच दिवस केलं तर फक्त 2 टक्के. तुमच्या तीन दिवसांना 54 चा आकडा लावला असेल तर स्लाइडवाल्याने हात धुऊन घेतलेत.

शिवाय तिथला माणूस एकटा गाडी काढून ऑफिसला जातो, आपण कल्याण फास्ट पकडतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2020 मध्येच लिहिलं होतं की गाडीने साधारण 6 किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्याने घरून काम केलं तर फायदा आहे, पण ट्रेन-बसने जाणाऱ्याच्या बाबतीत घरची वीज धरली तर उत्सर्जन थोडं वाढूही शकतं. मुंबईत हे दुसरं वाक्यच महत्त्वाचं.

ढोबळ हिशेब करून बघू. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर 8 युनिट धरा, आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेपाच किलो. ठाण्याहून बीकेसीला गाडीने जाऊन येऊन 50 किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये 4 लिटर पेट्रोल, लिटरमागे 2.3 किलो, म्हणजे नऊ किलोच्या वर. त्या गाडीवाल्याने घरी एसी लावला तरी तो फायद्यात. लोकलवाल्याचं काय? तुम्ही नाही गेलात म्हणून 8:12 रद्द होत नाही, ती तेवढीच वीज खात पळते, फक्त दारातल्याला जरा उभं राहायला मिळतं.

चिलरवाला
मी फॅसिलिटीमध्ये आहे, अंधेरीच्या एका बिल्डिंगचं बघतो, नाव नाही सांगत. काकांचा हिशेब बरोबर आहे पण ऑफिसची बाजू राहिली. निम्मी माणसं आली म्हणून सेंट्रल एसीचं बिल निम्मं होत नाही. माणसं मजलाभर विखरून बसतात, दोघं या कोपऱ्यात तिघं त्या कोपऱ्यात, त्यामुळे एकही एएचयू (मजल्यावर थंड हवा फेकणारं मशीन) बंद करता येत नाही, दिवे तेवढेच, लिफ्ट तेवढ्याच. खरी बचत कधी होते, तर एक अख्खी विंग बंद करून सगळ्यांना दुसरीकडे बसवलं, किंवा मजला सोडूनच दिला की. त्या कॉर्नेलवाल्या अभ्यासात पण जागा शेअर करण्यावर जोर आहे. पण आमच्याकडे साहेबांना आपली खुर्ची आणि खिडकी सोडवत नाही, आणि मंगळवार ते गुरुवार सगळे एकदमच येतात. त्यामुळे ताई, तुमच्या ऑफिसने मजला कमी केला का ते विचारा. नसेल तर ऑफिसचा एसी पण चालू आणि तुमचा पण.

वसईची_लेक
तुम्ही सगळे युनिटमध्येच अडकलात. मला विरारवरून गर्दीतून सुटका मिळते, त्याचा हिशेब कुठल्या मीटरवर लागणार? नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये 2024 ला आलेला अभ्यास वाचा, अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींचा, चीनच्या ट्रिप डॉट कॉम या ट्रॅव्हल कंपनीतल्या 1612 लोकांवर. आठवड्यातून दोन दिवस घरून, काम अजिबात घटलं नाही, प्रमोशनवर परिणाम नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सगळ्यात जास्त फरक कोणाला पडला, तर बायकांना, मॅनेजर नसलेल्यांना आणि लांबून येणाऱ्यांना. म्हणजे मीच की!

मुलुंडची_माऊ
@वसईची_लेक ते पटतंय गं, मलाही ऑफिस पाच दिवस नकोच आहे. पण घरी असलं की सिलेंडरवाला मीच बघायचा, सासूबाईंची डॉक्टरची अपॉइंटमेंट मीच, लेक शाळेतून आली की मीच. नवरा त्याच घरात हेडफोन लावून बसलेला असतो, त्याला "डिस्टर्ब" करायचं नाही.

पार्ल्याची_मावशी
घरोघरी हेच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायका त्यात रोज 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97, तेसुद्धा जे करतात त्या पुरुषांचं हं, बरेच जण करतच नाहीत. प्रवासाचे तीन तास वाचले की ते कोणाच्या वाट्याला जातात बघा, पुरुषाचे झोपेत नाहीतर क्रिकेटमध्ये, बाईचे पोळ्यांत.

आणि याच ब्लूमसाहेबांचा आधीचा प्रयोग होता, 2010-11 मधला, त्याच कंपनीच्या कॉल सेंटरवर. काम 13 टक्क्यांनी वाढलं म्हणून तो सगळीकडे मिरवतात. पण त्यात भाग घ्यायला घरी स्वतःची वेगळी खोली असण्याची अट होती! आपल्या वन बीएचकेत कोणाकडे आहे वेगळी खोली? माझी सून बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये कॉल घेते.

आकडेमोड_काका
मावशींचा मुद्दा बिनतोड. माऊताई, तुमच्या कंपनीला एवढंच विचारा की हिशेबात घरची वीज धरलीय का. जीएचजी प्रोटोकॉल म्हणून कंपन्यांचं उत्सर्जन मोजायची जी जागतिक पद्धत आहे, तिच्यात कर्मचाऱ्यांचा प्रवास स्कोप 3 मध्ये (म्हणजे कंपनीमुळे होणारं, पण तिच्या ताब्याबाहेरचं उत्सर्जन) येतो आणि घरून काम करतानाची वीजही तिथे धरता येते, पण ती धरणं ऐच्छिक आहे. त्यामुळे प्रवास वजा करायचा आणि घरचा एसी विसरायचा, हे कागदावर अगदी नियमात बसतं.

मुलुंडची_माऊ
हे भारीये. म्हणजे त्यांच्या मीटरवरून उतरलं आणि माझ्या मीटरवर चढलं, आणि टाळ्या पण मीच वाजवल्या. एचआरला दोनच प्रश्न पाठवते, घरची वीज धरली का आणि मजला कमी केला का. वीजभत्त्याचं पण विचारू का?

चिलरवाला
विचारा, बिनधास्त. तोवर एसी 24 वर ठेवा, एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं बीईई (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) सांगते. सोबत बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा, साधा 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास.

वसईची_लेक
बीएलडीसी कुठला घेतलात? आवाज करतो का? माझा कॉलवर ऐकू जातो सगळ्यांना.